शेवटच्या भागानंतरचा अबोला

वाचकाचे पत्र

“माझे वय ३६ आणि माझ्या धाकट्या भावाचे २८. तो शिक्षणासाठी घराबाहेर पडला तेव्हापासून आम्ही वेगवेगळ्या शहरांत राहतो. २०१९ मध्ये ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ ही व्हॅम्पायरांची विनोदी मालिका आम्हाला सापडली आणि ठरलेल्या रात्री फोन चालू ठेवून दोघांनी एकाच वेळी भाग लावायचा, असा आमचा नेम झाला. सहाही पर्वे आम्ही अशीच पाहिली. शेवटचा भाग संपला तेव्हा मी हसत होते आणि तो गप्प होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘ताई, इतकी वर्षे वाट पाहायला लावली आणि शेवटी काही बोललेच नाहीत.’ नॅन्डोर आणि गिएर्मो यांच्यातल्या प्रेमाविषयी तो बोलत होता. मी म्हणाले, ‘अरे, विनोदी मालिका आहे, एवढे काय मनाला लावून घेतोस?’ त्यावर त्याने फोन ठेवला. तेव्हापासून तो कामापुरते बोलतो, आणि नवे काही एकत्र पाहू या म्हटले की ‘तू बघ’ म्हणतो. मला तो शेवट मनापासून आवडला होता, आजही आवडतो. पुष्कळ प्रेक्षकांचे मत माझ्यासारखे आहे आणि पुष्कळांचे त्याच्यासारखे. आमच्यात चूक कोणाची? एका विनोदी मालिकेपायी इतके दुखावणे हा अतिरेक नाही का? ठरलेल्या रात्रीचे रिमाइंडर माझ्या फोनवर अजून वाजते. ते काढून टाकू का?”

उत्तर

तुमचे पत्र वाचल्यावर मी तो शेवटचा भाग पुन्हा पाहिला, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या भागातच आहे असे मला अंधुकसे आठवत होते. आठवण खरी निघाली. तुम्ही आणि तुमचा भाऊ यांच्यात त्या रात्री जे झाले, ते जवळजवळ तसेच पडद्यावर त्या घरातल्या माणसांमध्ये घडत होते. फक्त आपण स्वतः एखाद्या बाजूला उभे असलो की समोरचे चित्र आपले आहे हे लक्षात येत नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे, आणि ज्यांना ती पुढे पाहायची आहे त्यांनी हे उत्तर इथेच थांबवावे, कारण शेवटाची चर्चा टाळून मला ते देता येणार नाही. जेमेन क्लेमेंट आणि टायका वायटीटी यांनी २०१४ मध्ये न्यूझीलंडमध्ये केलेल्या याच नावाच्या चित्रपटावरून क्लेमेंट यांनी ही अमेरिकी मालिका उभी केली. २७ मार्च २०१९ ला ती एफएक्स वाहिनीवर सुरू झाली आणि सहा पर्वे, ६१ भाग होऊन १६ डिसेंबर २०२४ ला संपली. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंड भागातल्या एका जुन्या वाड्यात नॅन्डोर हा एके काळचा क्रूर योद्धा, लाझ्लो आणि नाद्या हे जोडपे, आणि रक्ताऐवजी माणसांचा उत्साह शोषून जगणारा कॉलिन रॉबिन्सन असे चार व्हॅम्पायर राहतात. त्यांची सगळी उस्तवार गिएर्मो हा मर्त्य तरुण करतो. एक चमू त्यांच्यावर माहितीपट करतो आहे आणि आपण पाहतो ते त्याचेच चित्रण, अशी ही रचना आहे.

आता शेवटचा भाग आठवा. आपल्याजवळ पुरेसे चित्रीकरण झाले आहे, आता काम थांबवतो, असे तो चमू सांगतो. व्हॅम्पायरांना त्याचे काहीच वाटत नाही. त्यांतले बहुतेक शेकडो वर्षे जगत आले आहेत. काही दशकांपूर्वीही असाच एक चमू येऊन त्यांचे चित्रीकरण करून गेला होता, हे त्याच भागात कळते. तगमग होते ती एकट्या गिएर्मोची. त्याचे आयुष्य मोजके आहे. त्यातली कितीतरी वर्षे या घरात गेली आहेत, आणि ती गेली म्हणजे नेमके काय झाले, हे कोणीतरी सांगावे असे त्याला वाटते. घरातले बाकीचे त्याच्याकडे पाहतात ते आश्चर्याने. त्यांना त्याचे दुःख दिसते, पण ते कशाचे आहे हे उमगत नाही. तुमच्या भावाने त्या रात्री जे विचारले ते गिएर्मोचेच विचारणे होते, आणि तुमचे उत्तर बरेचसे त्या घरातल्या इतरांसारखे होते. हे मी तुम्हाला बोल लावण्यासाठी म्हणत नाही. ते सगळेही गिएर्मोवर प्रेम करतात. आपल्या त्या अडाणी पद्धतीने का होईना, पण करतात.

त्याच भागात नाद्या थेट कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांना संमोहित करते, म्हणजे ज्याला जसा हवा तसा शेवट त्याला दिसेल. त्या संमोहनातल्या शेवटाच्या एकाहून अधिक आवृत्त्या त्यांनी चित्रित केल्या. लेखकांना पुरते ठाऊक होते की एकाच शेवटाने सगळे प्रेक्षक समाधानी होणार नाहीत. त्यामुळे चूक कोणाची या तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. तुम्ही दोघांनी दिलेल्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेल्या होत्या.

अतिरेकाच्या प्रश्नावर मात्र मी अधिक थांबणार आहे, कारण माझ्या मते खरी दुखापत तिथे झाली आहे.

माहितीपटाच्या या ढंगात एक बारीक गोष्ट सतत घडत असते. व्हॅम्पायर कॅमेऱ्यापुढे मिरवतात, बढाया मारतात. गिएर्मो मात्र काही विपरीत घडले की कॅमेऱ्याकडे नुसता पाहतो. घरात त्याला समजून घेणारे कोणी नसते, तेव्हा तो आपल्याकडे पाहतो. हार्वी गियेन या अभिनेत्याने ते पाहणे इतके संयमाने केले आहे की हसता हसता आपण त्याचे विश्वासू होऊन जातो. पहिल्याच भागात त्याच्या सेवेला दहा वर्षे पूर्ण होतात. आज तरी आपल्याला व्हॅम्पायर करतील म्हणून तो नटूनथटून उभा असतो, आणि नॅन्डोर त्याच्या हातात दोघांचे चमकी लावून केलेले चित्र ठेवतो. आपण खळखळून हसतो, आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा पाहून काहीतरी आत रुतते. तिथून पुढे सहा पर्वे एक मनुष्य तुमच्या भावाकडे पाहत होता. ज्याला इतकी वर्षे कोणी आपले गुपित सांगितले, त्याने त्या गुपिताचे पुढे काय झाले हे विचारणे मला अतिरेक वाटत नाही.

त्याची अपेक्षाही हवेतून आलेली नव्हती. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस नॅन्डोर आणि गिएर्मो एकत्र जग पाहायला निघणार असतात, आणि लाझ्लो परस्पर गिएर्मोला पेटीत बंद करून नाद्याबरोबर लंडनला पाठवून देतो. रेल्वे स्थानकावर सामान घेऊन उभा असलेला नॅन्डोर, गिएर्मो आपल्याला सोडून गेला असे समजतो. चौथ्या पर्वात, २०२२ मध्ये, गिएर्मो आपण समलिंगी आहोत हे आपल्या कुटुंबाला सांगतो, आणि तो प्रसंग विनोदी भागाच्या मधोमध असूनही पूर्ण गांभीर्याने लिहिलेला आहे. याच पर्वात नॅन्डोर पुन्हा जिवंत केलेल्या आपल्या पत्नीला, मार्वाला, जिनने दिलेल्या वरांनी आपल्या आवडीनुसार बदलत जातो आणि शेवटी गिएर्मोच्या प्रियकराची हुबेहूब प्रतिकृती करून टाकतो. मार्वाचे हे जे केले ते मला पाहवले नाही, आणि तसे वाटलेले प्रेक्षक थोडे नाहीत. पण नॅन्डोरच्या मनात काय चालले आहे हे त्याला स्वतःला कळण्याआधी प्रेक्षकांना कळावे, अशीच ती रचना होती. मालिकेने स्वतः पेरले आणि पाहणाऱ्याच्या मनात ते उगवले. पीक कुठे आहे असे विचारणाऱ्याला तू शेतात आलासच कशाला, असे म्हणता येत नाही.

त्याच्या तक्रारीत आणखी एक गोष्ट मला दिसते, आणि तिच्यामुळे मी तिला वजन देते. या घरात शरीरसुखाविषयी कोणताही संकोच नाही. लाझ्लो आणि नाद्या पुरुष असो वा स्त्री, आपल्या सगळ्या प्रेमप्रकरणांविषयी जेवणाच्या गप्पांसारखे बोलतात, आणि कोणी भुवईही उंचावत नाही. जिथे सगळे काही इतक्या मोकळेपणाने बोलले जाते, तिथे एवढी एकच कोमल गोष्ट न बोललेली राहिली. ज्या प्रेक्षकांनी पडद्यावर दोन पुरुषांमधला जिव्हाळा वर्षानुवर्षे सूचनेपुरता किंवा थट्टेपुरता पाहिला आहे, त्यांना ते मौन फार ओळखीचे वाटते. लेखकांचा हेतू वेगळा असेल, मला तो वेगळाच वाटतो; पण त्यामुळे ओळखीचे वाटणे थांबत नाही.

आता तुमच्या बाजूबद्दल. मलाही तो शेवट आवडला. गिएर्मो निरोप घेतो, जातो, परततो, आणि अखेर नॅन्डोरच्या शवपेटीत त्याच्या शेजारी आडवा होतो. झाकण लागते आणि ती पेटी दोघांना घेऊन जमिनीखाली उतरते. व्हॅम्पायरच्या आयुष्यात शवपेटीइतकी खाजगी जागा दुसरी नाही. दिवसाच्या उजेडात, सगळ्यांत असहाय असताना, तो तिथे असतो. इतकी वर्षे गिएर्मोचे काम झाकण उघडण्याचे आणि लावण्याचे होते. त्या शेवटी तो झाकणाच्या आतल्या बाजूला आहे. माझ्यासाठी त्यात बोलणे झाले. शिवाय नॅन्डोरने सरळ शब्दांत प्रेम व्यक्त केले असते तर तो नॅन्डोर उरला नसता, कारण शेकडो वर्षे जगूनही काही न शिकणे हाच या मंडळींचा स्वभाव आहे आणि मालिकेचे सगळे हसू त्यावरच उभे आहे. तेव्हा तुम्हाला झालेला आनंद वरवरचा होता असे मुळीच मानू नका, आणि भावाशी जुळवून घेण्यासाठी तो नाकारूही नका. त्याला ते लगेच कळेल.

प्रेक्षकांचे मतभेद असे असतात याचे मला नवल वाटत नाही. दुसऱ्या पर्वातला तो भाग आठवा, ज्यात लाझ्लो पळून जाऊन दातांत काडी धरून जॅकी डेटोना नावाचा साधा मनुष्य म्हणून दारूचा गुत्ता चालवतो. त्या भागावर कोणाचे भांडण झालेले मी ऐकले नाही. तिथे कोणी काही मागत नव्हते, जे मिळाले ते सगळे वरकड होते. शेवटच्या भागाकडे मात्र प्रत्येक जण आपापले काहीतरी घेऊन आला होता. म्हणून ‘पुष्कळ प्रेक्षक माझ्यासारखे’ ही मोजणी भावापुढे ठेवू नका. त्याला उत्तर हवे आहे ते बहिणीचे.

राहिले ते तुमचे वाक्य, “विनोदी मालिका आहे.” या वाक्यात तुम्ही विनोदालाच कमी लेखले, असे मला वाटते, आणि तुम्हाला विनोद मनापासून आवडतो म्हणून हे सांगते. तिसऱ्या पर्वात लाझ्लो एकाएकी कॉलिन रॉबिन्सनचा सोबती होतो. ज्याचा सगळ्यांना कंटाळा, त्याच्याबरोबर तो दिवसरात्र हिंडतो, त्याची हौस पुरवतो, आणि आपण त्या विजोड जोडीला हसत राहतो. मग कॉलिनच्या शंभराव्या वाढदिवसाच्या सुमारास कळते की कॉलिनसारख्या, उत्साह शोषणाऱ्या व्हॅम्पायरांचे आयुष्य शंभर वर्षांचेच असते, हे लाझ्लोने वाचले होते. त्याला ते ठाऊक होते आणि त्याने कोणालाही सांगितले नव्हते. पुढे कॉलिन मेला, आणि त्याच्या मृतदेहातून जन्मलेल्या बाळाला वाढवण्यासाठी बायको दूर देशी गेली असताना तो एकटा मागे राहिला. त्या वेळी फोनच्या दोन्ही टोकांना तुम्ही दोघे काय करत होता, हे जरा आठवून पाहा. तुम्ही गप्प झाला असाल तर तेव्हा भावाने तुम्हाला ‘विनोदी मालिका आहे’ असे ऐकवले होते का? मला वाटते, नाही.

एक गोष्ट काळजीने सांगायची आहे. हे उत्तर वाचताना तुमच्या मनात भावाच्या स्वतःच्या आयुष्याविषयी काही तर्क उठतील. या कथेतल्या प्रेमाने तो इतका का हलला, याची कारणे शंभर असू शकतात. वर्षानुवर्षे इमानाने राबणाऱ्याला कोणी ओळख द्यावी, एवढ्यासाठीही मनुष्य व्याकूळ होतो. तुमच्या पत्रातून मी काही अनुमान काढलेले नाही आणि तुम्हीही काढू नये. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’पासून चालत आलेला एक नियम तुम्हा दोघांना पाठ असेल: आतून कोणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही. भावाच्या बाबतीत तुम्ही तो नियम पाळा. त्याला काही सांगायचे असेल तर तो त्याच्या वेळेला सांगेल; सांगायचे नसेल तर मालिकेबद्दलचे त्याचे दुःख मालिकेबद्दलचेच आहे असे समजा. तेवढेही पुरेसे खरे आहे.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते. संदेश लिहून पाठवू नका. फोन करा, कारण तुमचा नेमही फोनवरचाच होता. पहिल्या वाक्यात शेवटाच्या बऱ्यावाईटाचा विषय काढू नका. असे म्हणा: “त्या रात्री तू काहीतरी सांगत होतास आणि मी ते हसून उडवले. मला ते ऐकायचे आहे.” आणि मग खरोखर ऐका. मध्येच ‘पण शवपेटी’ म्हणण्याची ऊर्मी येईल, ती आवरा. त्याने पूर्ण बोलून झाल्यावर तुम्हाला काय वाटले असे विचारले तर जे मनात आहे ते सांगा, तुमच्या आनंदासकट. विचारले नाही तर ते पुढच्या वेळेसाठी राहू द्या. माफी मागताना ‘तुला वाईट वाटले असेल तर’ असे म्हणू नका. वाईट वाटले आहे हे तुम्हाला माहीत आहे.

तो तयार झाला तर दोघे मिळून काय पाहायचे हेही सुचवते. शेवटचा भाग लगेच लावू नका, तिथे जखम ताजी आहे. पहिला भाग लावा, तो चमकीच्या चित्राचा. गिएर्मोचा तो चेहरा आता सगळी हकीकत ठाऊक असताना पाहिला की तुम्हाला तुमच्या भावाचे म्हणणे कोणत्याही युक्तिवादाशिवाय कळेल, असा माझा अंदाज आहे. मला तरी पुन्हा पाहताना ते तसे कळले. हळूहळू शेवटापर्यंत पोहोचलात तर संमोहनाच्या वेगवेगळ्या आवृत्त्याही पाहा आणि त्यातली कोणती त्याला आपली वाटते ते विचारा. शवपेटीचे दृश्य आले की काही न बोलता थांबा. ते दृश्य त्याला पुन्हा तितकेच अपुरे वाटले तर वाटू द्या. तो पुन्हा तुमच्याबरोबर पाहू लागला, एवढे तुम्हाला हवे आहे. त्याचे मत बदलले पाहिजे असे काही नाही.

तो ‘नको’ म्हणाला तर एकदा ‘बरं’ म्हणा आणि विषय सोडा. ऐकायचे आहे असे तुम्ही सांगितलेले त्याच्याजवळ राहील.

रिमाइंडर काढू नका. फक्त पुढच्या वेळी ते वाजेल तेव्हा नवे काही पाहण्याचे निमंत्रण देण्याऐवजी त्याला नुसता फोन करा, आणि आज काय जेवलास एवढेच विचारून सुरुवात करा.